८९९ च्या पायताणात सुटतं किती?

सुभाषनगरातल्या कारागिराकडून जोड ४८० ला घेतला, ऑनलाइन ८९९ ला टाकला, म्हणजे चारशे सुटले. कोल्हापुरात नवीन माणूस हाच हिशोब सांगत येतो. मी त्याला वही काढायला लावते.

आधी एकाच जोडाचं मांडा. रेट प्रत्येक प्लॅटफॉर्मचे वेगळे आणि सारखे बदलणारे, तेव्हा माझे आकडे नमुन्यापुरते घ्या आणि तुमचे सेलर पॅनेलवर बघून भरा. कमिशन १५ टक्के धरलं तर १३५, फिक्स्ड फी २०, शिपिंग ८५. झाले २४०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३ रुपये. चपलांवर ५ टक्के जीएसटी आहे (२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला). ८९९ मध्ये तोही ४३ च बसतो. गिऱ्हाइकाचे ४३ सरकारचे, प्लॅटफॉर्मला दिलेले ४३ इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वळते करून, मिळतात. जीएसटीची रेग्युलर नोंदणी असेल तर फिटंफिट. पॅकिंग २२, जाहिरात जोडामागं ३०. सगळं वजा जाता हातात ८४.

आणि हे ८४ सुद्धा माल परत आला नाही तरच.

दहा जोड पाठवले, दोन परत आले असं धरा. एक आरटीओ, म्हणजे गिऱ्हाइकानं दारातच नाकारला. बऱ्याच ठिकाणी त्याचं भाडं आपल्यावर पडत नाही, पण पॅकिंग आणि जाहिरातीचे ५२ गेलेच. दुसरा कस्टमर रिटर्न, म्हणजे गिऱ्हाइकानं घेतला आणि मग परत पाठवला. त्याचं भाडं १६० धरा, वर तेच ५२, झाले २१२. आठ जोडांचे ६७२, त्यातून २६४ गेले, राहिले ४०८. पाठवलेल्या जोडामागं ४१ रुपये. आणखी एक कस्टमर रिटर्न वाढला की ११ वर येता. अजून एक वाढला की खिशातनं घालता. म्हणून नफा विकलेल्या जोडावर कधी मोजू नका, पाठवलेल्यावर मोजा.

आमच्या धंद्यात परत येणाऱ्या मालाचं मोठं कारण म्हणजे नंबर. बुटाचा आठ आणि कोल्हापुरीचा आठ जुळेलच असं नाही, हातानं कापलेला तळ असतो. लिस्टिंगवर फक्त ‘८’ लिहून भागत नाही. तळाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढा, सेंटिमीटर वाचता आले पाहिजेत. गिऱ्हाइकाला सांगा: संध्याकाळी कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. शेजारीच लिहा की नवीन कातडं पहिले काही दिवस पट्ट्याला आणि अंगठ्याला घट्ट लागतं, वापरून सैल होतं. हे माहीत नसलेलं गिऱ्हाईक घरात चार पावलं चालतं आणि ‘साइज स्मॉल’ वर टिक करून मोकळं होतं.

परत आलेलं पार्सल कधीही नुसतं फाडू नका. मोबाइल स्टँडवर लावा, आधी लेबल दाखवा, मग कापा, दोन्ही पाय उलटे करून तळ दाखवा. वापरलेला जोड तळावरनंच कळतो, टाचेच्या शिवणीत बारीक खडी अडकलेली असते. पाठवतानाच पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक नंबर घाला, म्हणजे भलताच जोड आला तर क्लेम करता येतो. क्लेमची मुदत थोडी असते, त्याच दिवशी टाका. पावसाळ्यात ओल्या गोण्यांत पडून आलेल्या जोडाला बुरशी धरते, तो पुन्हा विकायच्या भानगडीत पडू नका.

आता खोका. कुरिअरवाला खोक्याच्या आकारावरनंही वजन धरतो. ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरचा घेतला तर गुणाकार भागिले ५०००, म्हणजे १.२ किलो. जोडाचं खरं वजन ७०० ग्रॅम! अर्ध्या किलोचे स्लॅब असतील तर दीड किलोचं भाडं भरता. तळाला तळ लावून कापडी पिशवीत गुंडाळा, चपट्या खोक्यात बसवा. एका किलोत येतं.

प्लॅटफॉर्मनं टीसीएस (जीएसटीपोटी) ०.५ टक्के आणि टीडीएस (आयकरापोटी) ०.१ टक्के कापलेला दिसला की घाबरू नका, तो खर्च नव्हे, आपल्याच करात वळता होतो. टीसीएस जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, तेवढं विसरू नका. फक्त महाराष्ट्रातच विकणार आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवायही विकता येतं. मग इनपुट क्रेडिट मात्र नाही.

ऑनलाइन आपल्या जोडाशेजारी अडीचशेला रेक्झिनचा जोड ‘कोल्हापुरी’ म्हणून बसलेला असतोच. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळाला तरी तो हटत नाही. त्याच्या किमतीला उतरू नका.

सेलचंही तेच. दहा टक्के सूट दिली की ९० जातात. कमिशन आणि जीएसटी थोडा कमी होतो, तरी ७२ चा फटका बसतो आणि ८४ चे १२ राहतात. दहात दोन परत आले तर १६८ रुपये तोटा. ‘ऑर्डर वाढतील’ म्हणून प्लॅटफॉर्मवाल्यांचा फोन येतो. वाढतातच, तोट्यासकट. मी सेलमध्ये पाच आणि अकरा नंबरचे पडून राहिलेले जोड तेवढे घालते. सात, आठ, नऊला हात लावत नाही.