युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून वरण बंद? या चुका टाळा

रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड ७.४ दिसलं की घरात पहिली कुऱ्हाड पडते तुरीच्या डाळीवर. मग पालक, टोमॅटो, राजमा. महिनाभर दुधी खाऊन पुन्हा तपासलं तर आकडा जेमतेम हललेला!

हलणार कसा? युरिक अ‍ॅसिड बनतं प्युरीन या पेशींत आणि अन्नात असणाऱ्या घटकापासून, आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश प्युरीन आपल्याच शरीरातल्या जुन्या पेशी मोडल्यावर सुटतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे हे आम्ल पुढे फोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते उत्क्रांतीत गमावलं. त्यामुळे आपली मुख्य भिस्त किडनीवर. आकडा वाढलेल्या बहुतेकांमध्ये दोष तिच्या कमी बाहेर टाकण्यात असतो, वरणात नाही. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मांस आणि मासळीने गाऊटचा (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या सांधेदुखीचा) धोका वाढलेला दिसला, प्युरीनयुक्त भाज्या-डाळींनी नाही. दूध-दह्याने तर तो कमी होता. हात आखडायचाच तर बिअर, कलेजी, तारली आणि गोड कोल्ड्रिंकवर आखडा.

दुसरी चूक टाचेची. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच ठणकते आणि दोष युरिक अ‍ॅसिडला मिळतो. ते दुखणं बहुधा तळव्याच्या पडद्याचं असतं. गाऊट सहसा रात्री झडप घालतो: पायाचा अंगठा लाल, गरम, चादरही लागू देत नाही असा. सोबत ताप असेल तर सांध्यातला जंतुसंसर्गही असू शकतो. लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि नुसता आकडा वाढलाय, सांधा कधी सुजला नाही, मुतखडाही नाही? अशा बहुतेकांना गोळी लागत नाही. रक्तातला आकडा ६.८ च्या पुढे गेला की सांध्यांत स्फटिक बनू शकतात, बनतातच असं नाही. उलट, गाऊटच्या ऐन झटक्यात तपासलेला आकडा नॉर्मलही येतो. 'म्हणजे गाऊट नाही' असं ठरवू नका. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

सर्वात महागात पडणारी चूक मात्र गोळ्यांची. अ‍ॅलोप्युरिनॉल ही दुखण्यावरची गोळी नाही, ती युरिक अ‍ॅसिडचा साठा उतरवते. सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढूही शकतात, कारण जुने स्फटिक विरघळताना चाळवतात. 'औषध बाधलं' म्हणून लोक इथेच सोडतात. नियमित चालू असेल तर झटक्यातही स्वतःहून थांबवू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गाऊट असेल तर आकडा ६ च्या खाली ठेवायचा असतो.

बीपीसाठी लघवीची गोळी किंवा हृदयासाठी रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. दोन्हींनी युरिक अ‍ॅसिड वाढतं. वजन उतरवायला केलेल्या कडक उपासानेही.