कमी खरखरीचा सहा वाहिन्यांचा ऑडिओ मिक्सर : मिश्रणाच्या टप्प्याची आखणी

घरी मिक्सर बांधणारे बहुतेक जण आधी महागडा ओपॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) शोधतात आणि रेझिस्टरच्या किमती, म्हणजे त्यांची ओहममधील मूल्ये, मात्र जुन्या आकृतीवरून जशाच्या तशा उतरवतात. प्रत्यक्षात खरखर किती राहील हे या किमतीच मोठ्या प्रमाणात ठरवतात. येथे विचारात घेतलेला मिक्सर लाइन पातळीचे (म्हणजे प्लेअरसारख्या उपकरणांतून येणारे, मायक्रोफोनपेक्षा बरेच मोठे) सहा मोनो स्रोत एकत्र करतो. मायक्रोफोनसाठी वेगळा प्रीअँप्लिफायर लागेल.

मिश्रणासाठी इन्व्हर्टिंग, म्हणजे सिग्नल उलटवणारी, जोडणी वापरावी. प्रत्येक वाहिनी एका रेझिस्टरमधून ओपॅम्पच्या ऋण इनपुटला येते आणि तितक्याच किमतीचा रेझिस्टर आउटपुटपासून त्याच बिंदूला जोडलेला असतो. प्रत्येक वाहिनीला मिळणारे वर्धन (सिग्नल किती पट होतो ते) एकपट असते. पण ओपॅम्पच्या स्वतःच्या खरखरीला सहाही रेझिस्टर समांतर दिसत असल्यामुळे तिचे वर्धन एक अधिक सहा, म्हणजे सातपट होते.

आता २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातील आकडे पाहू. टीएल ०७२ आणि एनई ५५३२ हे दोन प्रचलित ओपॅम्प घेऊ. टीएल ०७२ ची इनपुटवरील खरखर सुमारे २.५ मायक्रोव्होल्ट, तर एनई ५५३२ ची सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट असते. सर्व रेझिस्टर १० किलोओहमचे घेतले, तर त्यांच्या औष्णिक खरखरीसह (उष्णतेमुळे रेझिस्टरमध्येच निर्माण होणाऱ्या खरखरीसह) मिश्रणाच्या टप्प्याच्या आउटपुटवर टीएल ०७२ सुमारे १८ आणि एनई ५५३२ सुमारे ७ मायक्रोव्होल्ट देतो. मात्र एनई ५५३२ ठेवून रेझिस्टर १०० किलोओहमचे केले, की त्यांची औष्णिक खरखर आणि त्यांतून वाहणारा ओपॅम्पचा खरखर-प्रवाह मिळून आकडा पुन्हा १९ मायक्रोव्होल्टच्या आसपास जातो, म्हणजे चांगल्या ओपॅम्पचा सारा फायदा गेला. म्हणून ४.७ किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्यावेत. खरखर ६ मायक्रोव्होल्टच्या आसपास येते आणि एनई ५५३२ हा भार सहज पेलतो. याहून खाली गेल्यास फारसा लाभ नाही, कारण उरलेली खरखर मुख्यतः ओपॅम्पची असते.

धन इनपुट थेट ग्राउंडला जोडावे. तेथे बायस प्रवाहाची (ओपॅम्पच्या इनपुटमधून वाहणाऱ्या बारीक प्रवाहाची) भरपाई म्हणून रेझिस्टर घालण्याची पाठ्यपुस्तकी सवय येथे नडते, कारण त्याची खरखरही सातपट होऊन बाहेर येते. आउटपुट ते ऋण इनपुट १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास सुमारे ३४० किलोहर्ट्झपासून वर्धन उतरते आणि परिपथ स्थिर राहतो.

प्रत्येक वाहिनीत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० किलोओहमचा लॉग पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर), त्यानंतर एनई ५५३२ च्या अर्ध्या भागाचा, म्हणजे त्यातील दोनपैकी एका ओपॅम्पचा, बफर (पुढच्या भाराचा परिणाम मागे पोचू न देणारा टप्पा) आणि मग मिश्रणाचा रेझिस्टर असा क्रम ठेवावा. पॉटच्या मधल्या टोकापासून बफरपर्यंत २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बफरच्या इनपुटपासून ग्राउंडला १०० किलोओहम दिल्यास बायस प्रवाह पॉटमधून वाहत नाही, त्यामुळे पॉट फिरवताना करकरत नाही. बफरनंतरही १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. वाहिनी बंद करण्याचा स्विच या कपॅसिटरच्या पुढे, मिश्रणाच्या रेझिस्टरच्या आधी बसवावा आणि बंद स्थितीत तो रेझिस्टरचे टोक ग्राउंड न करता मोकळे सोडेल असा घ्यावा. त्यामुळे एकच वाहिनी चालू असताना खरखरीचे वर्धन सातऐवजी दोन होते. सहाही रेझिस्टर ओपॅम्पच्या पायाला अगदी लागून असावेत, कारण तो बिंदू लांबला की बाहेरची ढवळाढवळ तेथेच शिरते.

वीजपुरवठ्यासाठी १५-०-१५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड आणि ७८१५ व ७९१५ रेग्युलेटर पुरतात. प्रत्येक ओपॅम्पच्या पुरवठ्याच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावावेत. मोठ्या कपॅसिटरना भरणारे १०० हर्ट्झचे प्रवाहझटके ध्वनीच्या ग्राउंड तारेतून जाता कामा नयेत. पुरवठ्याचा मध्यबिंदू आणि ध्वनीचे ग्राउंड एकाच ठिकाणी, कपॅसिटरांच्या पुढे, जोडावे. ट्रान्सफॉर्मर शक्य तर वेगळ्या डब्यात ठेवावा. आउटपुटला मालिकेत १०० ओहम दिल्यास लांब केबलनेही ओपॅम्प दोलन करत नाही.

तपासताना सर्व पॉट शून्यावर ठेवून हेडफोन अँप्लिफायर लावावा. घूं आवाज येत असेल तर ग्राउंडची जोडणी किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा तपासावी. नुसती सूं ऐकू येत असेल तर वाहिन्यांचे स्विच एकेक करून बंद करावेत. सूं टप्प्याटप्प्याने घटत गेली तर मिश्रणाचा टप्पा अपेक्षेप्रमाणे चालतो आहे, आणि काहीच फरक पडला नाही तर दोष त्यापुढच्या टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात शोधावा.