क्विल्ट क्लबमध्ये नवीन येताय? आधी अर्धवट कामं बघायला मागा

नवीन मंडळी पहिल्या मीटिंगला एक तर रिकाम्या हाताने येतात, नाही तर घरात जे सगळ्यात सुबक जमलंय ते पिशवीत घालून आणतात. माझं म्हणणं असं की अर्धवट असलेलं काम आणा. अस्तर न लावलेलं, दोरे लोंबणारं, कोपरे न जुळलेलं. दुसऱ्यांचंही तसंच काम बघायला मागा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझं बरंच कापड आणि त्याहून जास्त उमेद वाचली असती, म्हणून एवढं लिहितेय.

आमचा गट कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. दोन टेबलं जोडायची, कोपऱ्यात इस्त्री तापत ठेवायची, चहा व्हायच्या आत दाखवणी उरकायची. दाखवणी म्हणजे प्रत्येकीने महिनाभरात काय केलं ते पसरून दाखवणं. इरकलच्या काठांची पिशवी येते, खणाच्या तुकड्यांचा टेबल रनर येतो, नातवासाठी शिवलेलं दुपटं येतं. अधूनमधून कोणी आजीच्या नऊवारीची मोठी गोधडी उलगडते आणि सगळा हॉल गप्प होतो. मग "किती सुंदर", "रंग काय घेतलेस गं", फोटो, चहा.

हे कौतुक खरं असतं आणि ते हवंच. पण त्यातून शिवायला शिकता येत नाही. पुरा झालेला क्विल्ट आपली सगळी गुपितं पोटात ठेवतो. वरचा जोडलेला थर, मधला भराव आणि खालचं अस्तर असे तीन थर एकत्र शिवले की वरच्या थराची उलटी बाजू कायमची आत जाते. शिकण्यासारखं जे आहे ते त्या उलट्या बाजूलाच असतं. टीप कुठे मारली, शिवणीच्या आत किती कापड सोडलं, शिवण कुठल्या बाजूला दुमडून इस्त्री केली. मी कितीतरी दाखवण्यांत सुलट्या बाजूचे फोटो काढत बसले आणि माझे कोपरे का जुळत नाहीत याचं उत्तर त्या फोटोंत शोधत राहिले. तिथे ते असणारच नव्हतं.

आता मुख्य खड्डा. हा भाग लांबेल, पण घाईत वाचू नका.

आपल्यापैकी बऱ्याच जणी गोधडीच्या घरातून आलेल्या असतात. आई, आजी किंवा मावशीला गोधडी शिवताना पाहिलेलं असतं, धावदोरा हातात बसलेला असतो. त्यामुळे वाटतं, क्विल्ट म्हणजे तेच, फक्त तुकडे जरा चौकोनी. इथेच फसगत होते. गोधडीत खाली अख्खं लुगडं किंवा धोतर पसरलेलं असतं. तुकडे त्यावर ठेवायचे, कडा दुमडायच्या, दोरा घालत जायचं. एखादा तुकडा बोटभर लहान निघाला तर शेजारचा जरा सरकवायचा. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही अशीच. कडेपासून सुरुवात करून तुकड्यावर तुकडा चढवत आत येत जातात आणि शेवटी चार कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. या पद्धतींत चूक झाली तर ती त्या तुकड्यापाशीच मिटते, कारण मापाला धरून ठेवायला खाली अख्खं कापड असतं.

ब्लॉक, म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेले चौकोन, एकमेकांना जोडून केलेल्या क्विल्टला तसा आधार नसतो. तुकडा तुकड्यालाच जोडलेला असतो, त्यामुळे एका टिपेतली चूक पुढच्या टिपेत जमा होत जाते. इथला नियम आहे पाव इंच मायेचा, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंत साधारण सहा मिलिमीटर कापड सोडायचं. चार इंचाचा चौकोन दिसायला हवा असेल तर साडेचार इंचाचा कापायचा, कारण दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातं. इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. पण पाव इंच म्हणजे नेमकं किती, हे मी मशीनच्या फुटावर, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या भागावर, सोपवलं होतं. ब्लाउजला, परकराला माया जरा कमी-जास्त झाली तर काही बिघडत नाही, त्यामुळे नजरेलाही तेच वळण.

आता हिशोब बघा. तुमची माया फक्त एक मिलिमीटर जास्त पडतेय असं धरा. टीप दोन तुकड्यांमध्ये असते, म्हणून प्रत्येक टिपेला दोन्हीकडचं मिळून दोन मिलिमीटर कापड जातं. नऊ तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये एका रांगेत तीन तुकडे आणि दोन टिपा, म्हणजे ब्लॉक चार मिलिमीटरने लहान. सगळेच ब्लॉक तसेच असते तर क्विल्ट जरासा छोटा झाला असता, एवढंच, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण बऱ्याच डिझाइनमध्ये नऊ तुकड्यांच्या ब्लॉकशेजारी साधा अख्खा चौकोन येतो. त्याच्या आत टीपच नाही, म्हणून तो लहान होत नाही. आता चार मिलिमीटरचा फरक असलेले दोन शेजारी जोडायला घ्या. एक ताणावा लागतो, दुसऱ्याला चुण्या पडतात आणि कोपरा सरकतो. पुढच्या रांगेत पुन्हा तेच. मांडून बघितलं तर सगळं छान दिसतं, जोडलं की चोळामोळा. आणि माणूस दोष देतो कापडाला, मशीनला, नाही तर स्वतःच्या हाताला.

गटाने मिळून एक क्विल्ट करायचा ठरलं तेव्हा हे उघड झालं. प्रत्येकीने आपापल्या घरून ब्लॉक शिवून आणायचे होते. माझे ब्लॉक इतरांच्यापेक्षा लहान निघाले. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकूंनी माझा ब्लॉक उलटा केला, टिपेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकीकडची माया उभी धरून पट्टी लावली आणि म्हणाल्या, "अगं, हात चांगला आहे तुझा. माया जास्त जातेय." बास, एवढंच. मग त्यांनी मला तीन पट्ट्या कापायला लावल्या.

ही तीन पट्ट्यांची चाचणी प्रत्येक नवीन माणसाने मशीनवर पहिलं काही शिवायच्या आधी करावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या धाग्यात सरळ कापा. शेजारी शेजारी जोडा, म्हणजे दोन टिपा पडतील. माया एका बाजूला करून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जातेय, जास्त भरली तर कमी. "जवळजवळ एक इंच" चालत नाही. ते जवळजवळच पुढे रडवतं.

बहुतेकींना पट्टी कमीच भरते आणि त्याचं कारण फक्त फूट नसतं. माया दुमडून इस्त्री केली की कापडाची जाडी त्या घडीत थोडं माप खाते. म्हणून टीप खऱ्या पाव इंचापेक्षा एक-दोन धागे कमी, म्हणजे कापडाच्या कडेच्या जवळ घ्यावी लागते. टीप पाव इंचावर अचूक मारली तरी मधली पट्टी कमी का भरते, याचं उत्तर हे आहे. पुष्कळ व्हिडिओंमध्ये हे सांगत नाहीत, नुसतं "पाव इंच" म्हणून पुढे जातात.

उपाय स्वस्त आहे. सुई बाजूला सरकवता येते अशी मशीन असेल तर एक घर सरकवून पुन्हा चाचणी घ्या. जुनी काळी सरळ टिपेची मशीन असेल तर सुईपासून हवं तेवढं अंतर मोजून सुईखालच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावा, म्हणजे कापड टेकवायला कड तयार होते. ती कापड सरकवणाऱ्या दातांवर येऊ देऊ नका. पाव इंचाचा वेगळा फूटही मिळतो, पण तो लावला म्हणजे झालं असं नाही, चाचणी त्यालाही घ्यायचीच. आणि एका क्विल्टला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजायची पट्टी एकच वापरा. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, तिच्यावर विसंबू नका.

हे वाचून घाबरला असाल तर थांबा. ही हाताची कसर नाहीच, मशीनची मांडणी आहे. एकदा बसली की बसली. माझे कोपरे त्यानंतर जुळायला लागले. त्याला दुसऱ्या एका सवयीची जोड मिळाली. एका रांगेतली माया डावीकडे इस्त्री करायची आणि तिच्या खालच्या रांगेतली उजवीकडे. जोडताना दोन्ही घड्या एकमेकींना अडून बसतात, बोटाला कळतं, टाचणीही कमी लागते. इस्त्री ठेवायची आणि उचलायची. पुढेमागे ओढली की तिरक्या कापाचे तुकडे ताणले जातात.

कोणीतरी तुम्हाला हमखास सांगेल की माप-बिप सोडा, मन लावून शिवा. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांचं उदाहरण देतील. त्यांचे वाकडेतिकडे, जुन्या कामाच्या कपड्यांतून केलेले क्विल्ट 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतींवर लागले. ते क्विल्ट थोर आहेत, वादच नाही. पण त्या बायकांनी आयांकडून, आज्यांकडून हे काम घेतलं होतं. कुठली रेघ वाकू द्यायची हे त्या ठरवत होत्या. आपली रेघ आपल्याला न विचारता वाकते. आधी सरळ शिवता येऊ दे, मग वाकडं शिवायला सगळं आयुष्य आहे.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. तयार कापलेल्या तुकड्यांच्या किटने सुरुवात करू नका. कापणं हीच निम्मी विद्या आहे आणि किट तीच तुमच्या हातून काढून घेतं. रोटरी कटर, म्हणजे चाकासारख्या गोल पात्याचं कापायचं हत्यार, मात्र घ्या. ते 1979 साली जपानमधून बाजारात आलं आणि क्विल्टिंगचा वेगच बदलला. पण त्याच्याखाली मॅट हवीच आणि पातं उघडं ठेवून उठायचं नाही, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही. थर चिकटवायचे स्प्रे मला आवडत नाहीत. बंद खोलीत त्याचा वास डोक्यात जातो. कच्चा दोरा घाला, वेळ लागतो, पण त्या वेळात कापड कुठे झोळ खातंय ते हाताला कळतं.

कापड आधी धुवा. लाल, काळं, निळीचं कापड वेगळं भिजवा आणि ओलं असताना पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडकं रंगलं तर पुन्हा धुवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर फार भिस्त ठेवू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि वेगवेगळी कापडं वेगवेगळी आटतात. न धुतलेला खण आणि धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी शेजारी शेजारी लावली तर पहिल्या धुण्यानंतर काय होतं ते बघवत नाही. भरावासाठी पुण्याच्या हवेला जाड पॉलिएस्टर नको. मार्चपासून अंगावर घेववत नाही. पातळ सुती भराव, फ्लॅनेल, अगदी जुनी सुती चादरसुद्धा चालते. लक्ष्मी रोड, रविवार पेठ पालथी घालायच्या आधी घरातलं कपाट उघडा.

गुरू कसा निवडायचा हे मला सारखं विचारतात. जी तुमचा ब्लॉक हातातून घेऊन स्वतःच नीट करून देते, तिच्याकडे चहा प्या, शिकू नका. जी सीम रिपर, म्हणजे टाके उसवायचं छोटं हत्यार, तुमच्या हातात देते आणि तुम्ही उसवत असताना शेजारी बसून राहते, तिला सोडू नका. उसवताना दर तिसरा-चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, कापड ओढू नका. काकूंनी मला शिकवलेली ही दुसरी गोष्ट.

दाखवणीत बोलायची भीती वाटते, ती सगळ्यांनाच वाटते. "कसं झालंय?" असं विचारलंत तर "छान" हेच उत्तर येणार. "हा कोपरा का सरकला?" असं विचारा, बोट ठेवून. मग तीन-चार जणी खुर्च्या ओढून पुढे येतात, इस्त्री पुन्हा लागते, चहा गार होतो. माझ्या दृष्टीने गटाचा खरा फायदा तेव्हाच सुरू होतो.

शेवटी ऑर्डरींबद्दल. फोटो टाकला की पहिल्या काही महिन्यांतच कोणीतरी विचारतं, "आमच्या आईच्या साड्यांचं करून द्याल का?" मोह होतो. माझं स्पष्ट मत, पहिलं वर्षभर घेऊ नका. आणि पुढे घेतलीत तर फुकटाच्या भावात नको. कापड त्यांचं असलं तरी धुणं, कापणं, जोडणं, कच्चा दोरा, हाताचे टाके, कडेची पट्टी हे सगळे तास तुमचे आहेत. ते लिहून ठेवा आणि मगच आकडा सांगा. जुनी साडी हातात घेतलीत की आधी खिडकीच्या उजेडासमोर धरा. घडीवर विरलेली असते, रेशीम असेल तर घडीतच चिरतं. तो भाग अंग झिजलेला, तिथे टाका धरणार नाही. त्याच्याभोवती खडूने खूण करा, तेवढं वगळून किती कापड हाती लागतं ते मोजा, आणि हे सगळं साडी आणणारी व्यक्ती समोर बसलेली असतानाच करा.