परिस्थितीजन्य पुराव्यावरचा खुनाचा निकाल कसा वाचावा

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील जन्मठेपेविरुद्धची अपिले तयार करण्याचे काम इथल्या तरुण वकिलांच्या टेबलावर आले. त्यांपैकी ज्या खटल्यांत खून होताना पाहणारा कोणीच नाही, त्यांची निकालपत्रे वाचण्याची रीत वेगळी आहे.

शिक्षेचा परिच्छेद आधी वाचू नये, कारण एकदा तो वाचला की मागचा प्रत्येक पुरावा सिद्ध झाल्यासारखाच दिसू लागतो. कोऱ्या कागदावर सरकार पक्षाची एकेक परिस्थिती, म्हणजे आरोपीकडे बोट दाखवणारी बाब, स्वतंत्र ओळीत लिहावी, तिच्यासमोर साक्षीदाराचा क्रमांक व निशाणी (पुराव्यातील कागदाला न्यायालयाने दिलेला क्रमांक) मांडावी, आणि त्या परिस्थितीबाबत आरोपीला न्यायालयातील त्याच्या जबाबात प्रश्न विचारला गेला होता का, हे तपासावे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ किंवा तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली जी परिस्थिती त्याच्यापुढे ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. ही नोंद करायला अर्धा दिवस लागतो, तो द्यावा.

मोजपट्टी शरद बिरधीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यातली घ्यावी. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडताना सांगितले की प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळावी, तिचे स्वरूप निर्णायक असावे, दोषाखेरीज अन्य कोणतीही शक्यता उरू नये आणि साखळी अखंड असावी. ‘केला असेल’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतले अंतर त्याआधी, १९७३ च्या शिवाजी साहबराव बोबडे निकालात, न्यायालयाने स्पष्ट केले होते.

सर्वाधिक वेळ हत्यार काढून दिल्याच्या पंचनाम्यावर घालवावा, कारण माझ्या अनुभवात साखळी बहुधा तिथेच तुटते. समजा, करवीर तालुक्यातील एका खटल्यात आरोपीचे पोलिसांपुढचे निवेदन असे आहे: ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले, तो उसाच्या फडात लपवला आहे, काढून देतो.’ यातील ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले’ हे शब्द पेन्सिलीने खोडावेत. पोलीस कोठडीतील कबुलीजबाबातून फक्त शोधाशी थेट जोडलेला भागच पुराव्यात येतो, हा नियम प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकालीन सर्वोच्च अपील न्यायालयाच्या पुलुकुरी कोट्टया निकालापासून चालत आला आहे. जुन्या पुरावा कायद्यात त्याला कलम २७ होते, भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे. उरते एवढेच की कोयता कुठे आहे हे आरोपीला ठाऊक होते. आता पाहावे की तो फड कोणालाही जाता येण्याजोगा होता का, पंच फितूर झाले का, कोयता जागेवरच लाखेची मोहोर लावून बंद केला का, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता. ऊसतोडीच्या आपल्या मुलखात कोयता घरोघरी असतो, त्यामुळे नुसते हत्यार सापडणे फार थोडे सांगते. अहवालात मृताशी जुळणारे रक्त नसून केवळ ‘मानवी रक्त’ असेल, तर तेवढ्याने ही कडी पक्की होते असे मला वाटत नाही.

‘शेवटचे एकत्र दिसले’ या परिस्थितीत दोन वेळा शेजारी लिहाव्यात: आरोपी व मृत एकत्र दिसल्याची आणि शवविच्छेदनातून निघणारी मृत्यूची. मधले अंतर जितके मोठे, तितकी तिसऱ्या माणसाची शक्यता वाढते. हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला आपोआप कोसळत नाही, पण अशा खटल्यात त्याचे वजन अधिक असते.

घरात, चार भिंतींच्या आत झालेल्या खुनात खुलाशाची जबाबदारी आरोपीवर येऊ शकते, हे २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन निकालात आहे. हा मुद्दा मात्र सरकार पक्षाने आपली मूळ परिस्थिती सिद्ध केल्यानंतरच येतो. खोटा खुलासा तुटलेली कडी जोडत नाही, हेही सारडा निकालातच सांगितले आहे. अनेक निकालपत्रांत ही क्रमवारी उलटी झालेली दिसते, म्हणून त्या परिच्छेदांखाली रेघ ओढावी.

शेवटी या तपासणीत न टिकलेल्या परिस्थितींच्या ओळी खोडून कागद पुन्हा वाचावा. उरलेल्या परिस्थितींशी जुळणारी दुसरी एखादी सरळ शक्यता सुचली, तर ती एका वाक्यात लिहून अपिलाचा पहिला मुद्दा म्हणून घ्यावी.