खाद्यउद्योगातलं संशोधन आणि करवजावट: या चुका टाळा

"आर अँड डीवर खर्च केला की दुप्पट वजावट मिळते." एमआयडीसीत हे वाक्य अजून कानावर पडतं. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ३५(२एबी) खाली कंपन्यांना एके काळी खरंच २०० टक्के वजावट मिळायची. १ एप्रिल २०१७ पासून ती १५० टक्के झाली आणि १ एप्रिल २०२० पासून १००. आता रुपयाला रुपयाच. जुना आकडा डोक्यात ठेवून प्रयोगशाळेचं बजेट आखलं, तर वर्षअखेरीला सीएशी वाद ठरलेला.

मग भांडायचं कशासाठी? कच्चा माल, फूड टेक्नॉलॉजिस्टचा पगार, चाचण्यांची फी हा महसुली खर्च एरवीही धंद्याचा खर्च म्हणून वजा होतोच. त्याच्यावर ओढूनताणून 'संशोधन' असा शिक्का मारून पदरात काहीच जास्त पडत नाही, उलट तपासणीत प्रश्न वाढतात. खरा फायदा यंत्रसामग्रीत आहे आणि नेमका तोच बरेचजण सोडून देतात.

समजा, कोकम आगळातलं मीठ कमी करायचंय, पण बाटली पूर्वीइतकीच टिकली पाहिजे. त्यासाठी कंपनीने छोटा पाश्चरायझर आणि प्रयोगशाळेची उपकरणं मिळून ४० लाखांची खरेदी केली. नेहमीच्या १५ टक्के घसाऱ्याने, म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी वजा करत गेल्यास, पहिल्या वर्षी ६ लाख वजा होतील. हीच सामग्री स्वतःच्या धंद्याशी संबंधित संशोधनासाठी असेल, तर कलम ३५(१)(आयव्ही) नुसार पूर्ण ४० लाख त्याच वर्षी वजा होतात. अधिभार आणि उपकरासह २५.१६८ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीचा पहिल्या वर्षी १ लाख ५१ हजारांऐवजी १० लाख ७ हजारांचा कर वाचतो. घसाऱ्यातून तो पुढे सुटलाच असता, म्हणजे ही कायमची सूट नव्हे. पण पैसे आत्ता हातात राहतात, आणि हंगामी मालाच्या धंद्यात त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

"आम्ही २२ टक्क्यांचा दर घेतलाय, आम्हाला संशोधनाची वजावट नाही," हा गैरसमज तर फारच पसरलाय. हा दर देणारं कलम ११५बीएए घेतलं की ३५(२एबी) जातं, राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलेल्या रकमेचं ३५(२एए) जातं, संशोधन संस्थांच्या देणग्यांची वजावटही जाते. पण स्वतःच्या संशोधनाचा महसुली आणि भांडवली (यंत्रसामग्रीसारखा) खर्च, म्हणजे ३५(१)(आय) आणि ३५(१)(आयव्ही), त्या यादीत नाही. शिवाय या दोहोंसाठी दिल्लीच्या डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागत नाही आणि भागीदारी संस्था किंवा एलएलपीलाही ही वजावट घेता येते. ३५(२एबी) मात्र फक्त कंपन्यांसाठी आहे.

त्यातही पेयवाल्यांनी जपून. ३५(२एबी) मधून अकराव्या परिशिष्टातल्या वस्तू वगळल्या आहेत. बिअर, वाइन आणि इतर मद्यं, मिश्र सुगंधी अर्कापासून केलेली सोडायुक्त पेयं, शिवाय चॉकलेट आणि गोड गोळ्या (कन्फेक्शनरी) त्यात आहेत. नाशिकच्या वायनरीने आंबवण्याच्या प्रक्रियेवर कितीही मेहनत घेतली तरी हे कलम तिच्या कामाचं नाही. कलम ३५(१) ला ही अट नाही.

लोणची-पापडवाल्या छोट्या उद्योजकांची चूक निराळी. कलम ४४एडी खाली खर्चाचा हिशेब न मांडता उलाढालीवर अंदाजित नफा दाखवायचा आणि वर संशोधनाची वजावटही मागायची, हे जमत नाही. त्या योजनेत कलम ३० ते ३८ च्या सगळ्या वजावटी आधीच दिल्या आहेत असं कायदाच धरतो.

आता संशोधन म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येत नैसर्गिक किंवा उपयोजित विज्ञानातल्या ज्ञानात भर घालणारं काम बसतं. रोजची गुणवत्ता तपासणी, लेबलसाठी केलेली पोषणमूल्यांची चाचणी, नवीन पाकीट, बाजारात चव दाखवून घेतलेली मतं हे सगळं बाहेर. नवा फ्लेवर काढला एवढ्याने भागत नाही. जाणकार तंत्रज्ञालाही ज्याचं उत्तर आधी ठाऊक नव्हतं असा प्रश्न कोणता होता, ते सांगता आलं पाहिजे.

ते सांगायला वही लागते. "आगळ, मीठ १६ वरून १० टक्के. ३७ अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांची झाकणं बाराव्या दिवशी फुगली, यीस्टची वाढ. पुढच्या बॅचला तापमान वाढवून पाहणे." फसलेल्या बॅचची अशी तारखेसह, सहीसह एक नोंद दहा पानी चकचकीत अहवालापेक्षा वजनदार ठरते. मार्चअखेरीला बसून सगळी वही एकाच पेनाने लिहिली, तर ते दिसतंच.

आणि यंत्र खरंच संशोधनाला वापरा. सकाळी प्रयोग आणि रात्री ऑर्डरचा माल असं चालत असेल, तर लॉगबुक आणि उत्पादनाचं रजिस्टर शेजारी ठेवलं की दावा गळतो. जागा शक्यतो वेगळी, खर्चाचं खातं तर वेगळंच हवं. जमिनीची किंमत यात कधीच धरू नका. वजावट घेतलेल्या यंत्रावर पुन्हा घसारा लावू नका. अकाउंटिंग सॉफ्टवेअर तो आपोआप लावतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

धंदा सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांतला संशोधनावरचा भांडवली खर्चही सुरुवातीच्या वर्षात वजा करता येतो. स्टार्टअपवाले तेव्हाची बिलं जपत नाहीत, एवढीच अडचण.

संशोधन संपल्यावर तेच यंत्र दुसऱ्या कशाला न वापरता विकलं, तर कलम ४१(३) लागतं: मिळालेली किंमत, घेतलेल्या वजावटीच्या मर्यादेत, त्या वर्षीचं धंद्याचं उत्पन्न ठरते. हे सगळे कलम क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या खर्चासाठी क्रमांक आणि फॉर्म नव्या कायद्यातूनच घ्या.