बोट आणि बाटली: या चुका टाळा

‘मी कुठं चालवतोय? मी तर नुसता बसलोय.’ बोटीवर दुसरी बाटली उघडताना हे वाक्य हमखास निघतं, आणि सगळ्यात जास्त घात तेच करतं. रस्त्यावरचा नियम लोक जसाच्या तसा पाण्यावर आणतात. गाडीच्या मागच्या सीटवर झिंगलेला माणूस गाडीबाहेर पडत नाही, बोटीतून मात्र पडतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतले बोटींवरचे मृत्यू तपासले होते. दारूमुळे वाढणारा धोका चालवणाऱ्याला आणि प्रवाशाला जवळपास सारखाच निघाला. बोट चालू होती की उभी, याने फारसा फरक पडला नाही. तरीही ‘नांगर टाकलाय, आता काय होतंय’ म्हणत ग्लास भरले जातातच.

नांगरावरच्या बोटीत काय होतं ते बघा. संध्याकाळची वेळ, इंजिन बंद, उकडतंय म्हणून लाइफ जॅकेटं काढून सीटखाली कोंबलेली. एक जण लघवीसाठी मागच्या कडेला उभा राहतो. एका हातात ग्लास, दुसरा पँटच्या चेनवर, आधाराला एकही नाही. जवळून दुसरी बोट जाते, तिची लाट येते. छोट्या बोटीची कड जेमतेम गुडघ्यापर्यंत, शरीराचा भार कमरेपाशी, म्हणजे कडेच्या बराच वर. त्यामुळे माणूस आत बसत नाही, सरळ बाहेर उलटतो.

पुढचं सगळं पाण्याखाली होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गार पाण्यात अचानक पडलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. पहिल्या मिनिटात दुसरं काही न करता श्वास ताब्यात आणायचा असतो, आणि प्यायलेल्याला नेमकं तेच जमत नाही. त्यात कान दगा देतो. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाच्या नलिकांमध्ये एक लिबलिबीत पडदा असतो. तो आजूबाजूच्या द्रवाआधी दारू शोषून हलका होतो, आणि डोकं कललं की शरीर गरगरत असल्याची खोटी खबर मेंदूला देतो. एका कानात गार पाणी शिरलं की चक्कर आणखी वाढते. अंधारात डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात वजन जाणवत नाही. मग पट्टीचा पोहणाराही वर समजून खाली पोहत जातो. बोटीवरचे मात्र ‘त्याला पोहता येतं, येईल वर’ म्हणत थांबलेले असतात.

बाटली किनाऱ्यावर ठेवून निघणं हाच खरा इलाज. ते ऐकायचंच नसेल तर निदान एवढं करा: पिणाऱ्याच्या अंगावर लाइफ जॅकेट, बक्कल आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा लावून. लघवी डब्यात, बसून. यात लाज वाटते म्हणणाऱ्याने बोटीवर येऊ नये. शिडी आधीच पाण्यात सोडलेली हवी, कारण भिजलेल्या आणि प्यायलेल्या माणसाला नुसत्या हातांनी कडेवरून आत ओढणं दोघांनाही जड जातं.

दुसरी चूक चालवणाऱ्याची: किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला न अडकवणं. ‘सारखी मधे येते’ ही तक्रार नवशिक्यांचीच असते. मग चालवणारा वळणावर बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद होत नाही. टिलर, म्हणजे बोट वळवायचा दांडा, हातातून सुटला की पंख्याच्या जोराने आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरत राहते, पडलेल्या माणसाच्या जागेवरून पुन्हा पुन्हा. शुद्धीतला माणूस बाजूला पोहत सुटण्याची शक्यता तरी असते. दोरी अडकवा, आणि निघण्याआधी किनाऱ्यालाच ओढून बघा, इंजिन खरंच बंद पडतं का.

बोटीला ब्रेक नसतो, हेही पिताना विसरलं जातं. ताशी 40 किलोमीटर वेगाने बोट सेकंदाला 11 मीटर जाते. निर्णयाला दोन सेकंद उशीर झाला तर 22 मीटर गेले, आणि त्यानंतर कुठे ती मंदावायला लागते. रात्री समोरच्या बोटीची डावी बाजू लाल दिव्यावरून आणि उजवी हिरव्यावरून ओळखायची असते. डोळे तारवटलेल्याला तिथे नुसते दिवे दिसतात.

मग हिशेबाची चूक. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल जाळतं. 8 टक्क्यांच्या बिअरच्या 650 मिलिलिटर बाटलीत 41 ग्रॅम असतं, म्हणजे चार ते सहा तास. रात्री बारापर्यंत 60 मिलिलिटरचे चार पेग व्हिस्की झाली तर 80 ग्रॅम. सकाळी आठला बोट काढणारा अजून प्यायलेलाच असू शकतो. कॉफीने झोप उडते, दारू तिच्याच गतीने उतरते. शिवाय ऊन, वारा, चकाकणारं पाणी आणि इंजिनची थरथर तासन्‌तास अंगावर घेतली की न पिताही हालचाली मंदावतात, त्यामुळे घरी पचणारे दोन पेग पाण्यावर जास्त भारी पडतात. ‘मला चढत नाही’ म्हणणाऱ्याला सुकाणू देऊच नका.

बाकीच्या थोडक्यात.

बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांवर दारू नको. त्यातल्या बऱ्याच गोळ्या गुंगी आणतात आणि दोन्हींची भर पडते.

सेल्फीसाठी सगळे एका बाजूला उभे राहू नका. उलटलीच बोट, तर तिला धरून राहा. किनारा दिसतो त्याहून लांब असतो.

इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या फळीवर बसलेल्याचं डोकं दुखू लागलं, उलटी झाली, तो बरळू लागला, तर ‘चढली’ म्हणून हसू नका. ती धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची बाधा असू शकते. इंजिन बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि वैद्यकीय मदत मागवा.

कुणी पडलं की मागोमाग उडी मारू नका. एकाने फक्त त्याच्याकडे हाताचं बोट रोखून नजर न हलवता उभं राहायचं, दुसऱ्याने तरंगणारी रिंग फेकायची. बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळू आणायची आणि माणूस हाताशी आला की इंजिन पूर्ण बंद करायचं. न्यूट्रलवर भरवसा ठेवायचा नाही.

आणि बाहेर काढलेल्याला ‘ऊब यावी’ म्हणून ब्रँडी पाजू नका. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात. वरून गरम वाटतं, पण आतली उष्णता बाहेर जाते आणि कुडकुडणंही कमी होतं. ओले कपडे काढा, आडवं झोपवा, पांघरुणात गुंडाळा, अंग चोळू नका. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड, कोमट पेय घोटाघोटाने द्या.