एअरगन, कावीळ आणि अमेरिकन माजी सैनिकांचे क्लेम: फाइल वाचताना या चुका टाळा

पुण्यात बसून रात्रपाळीत अमेरिकन माजी सैनिकांच्या वैद्यकीय फाइली वाचणं हे माझं बारा वर्षांचं काम. सेवेत जडलेल्या आजाराची सरकारकडून भरपाई मागायच्या क्लेमसाठी तिकडचे वकील स्कॅन केलेली हजार-बाराशे पानं पाठवतात, आपण त्यांची तारीखवार टिपणं करून द्यायची. दर बॅचला बीएचएमएस, बी. फार्म झालेली हुशार पोरं येतात आणि हेपटायटिस सीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराच्या, फाइलीत त्याच त्याच दगडांना ठेचकाळतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हिएतनामच्या काळात अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या पोरांना रांगेनं उभं करून दंडावर सुई नसलेल्या बंदुकीनं, म्हणजे एअरगन किंवा जेट इंजेक्टरनं, लस देत. पेड-ओ-जेट हे त्यातलं गाजलेलं यंत्र. पायानं पेडल दाबून आतली स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की लस बारीक धारेनं कातडी भेदून आत. नोझल एकच, दंड शेकडो. कुणी ऐन वेळी हात हलवला तर कातडी चिरून रक्त यायचं. ते रक्त नोझलवाटे पुढच्याच्या दंडात गेलं आणि त्यातून आपल्याला हेपटायटिस सी झाला, हा या क्लेमचा गाभा. १९९७च्या अखेरीस सैन्यानं ही यंत्रं बंद केली. त्यानंतर भरती झालेल्या माणसाच्या टिपणात एअरगनचा परिच्छेद चिकटवू नका. हो, असं करणारेही भेटले आहेत.

आता माझी लाडकी चूक. लाडकी म्हणजे मी स्वतः केलेली. नोकरीचा चौथा महिना, अकराशे पानांची फाइल, सकाळी सहाला द्यायची. मी ‘हेपटायटिस सी’ असं शोधलं. पहिला उल्लेख १९९८चा सापडला, आणि मी लिहून मोकळा झालो: ‘सेवाकाळातल्या नोंदींत यकृताच्या आजाराचा उल्लेख नाही.’ आमच्या टीम लीड मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “अरे, पानं वाचलीस की नुसती शोधलीस?”

हेपटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला १९८९मध्ये. १९७०च्या लष्करी दवाखान्यातला डॉक्टर ते नाव लिहिणार कुठून? मॅडमनी सहाशेच्या पुढे कुठेतरी एक उलटं स्कॅन झालेलं पान काढून दिलं. कोंबडीचे पाय उमटावेत तसं अक्षर: डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, लघवी गडद, एसजीओटी (यकृताची रक्तचाचणी) वाढलेलं, नऊ दिवस दवाखान्यात. असलं हस्ताक्षर ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही. उलटं असेल तर विषयच संपला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. जोशात लिहिलं, ‘हेपटायटिस सीची सुरुवात सेवेत असताना.’ तेही परत आलं. त्या कागदावर डॉक्टरनं ‘इन्फेक्शियस हेपटायटिस’ असं लिहिलं होतं. त्या काळी हे नाव आज आपण ज्याला हेपटायटिस ए म्हणतो त्याच्यासाठी वापरत. छावणीतल्या दूषित अन्नपाण्यातून होणारी ती कावीळ येते आणि जाते, जुनाट होत नाही. म्हणजे सेवेत कावीळ झाली हे खरं, पण ती सीची होती हे सिद्ध झालं नाही. त्याच फाइलीत पाच आठवडे आधी लसी दिल्याची नोंद होती. सीचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन आठवडे ते सहा महिने जाऊ शकतात, त्यामुळे ते अंतर महत्त्वाचं. पण महत्त्वाचं म्हणजे काय, तर दोन्ही तारखा पान क्रमांकासकट एकाखाली एक लिहायच्या आणि गप्प बसायचं. अर्थ लावायला तिकडे डॉक्टर आहे. त्या क्लेमचं पुढे काय झालं ते कळलं नाही. आम्हाला कधीच कळत नाही.

तेव्हापासून माझी सवय: पहिल्या फेरीत काहीही शोधायचं नाही. चहा घेऊन सगळी पानं नजरेखालून घालायची, आडवी-उलटी पानं सरळ करायची. मग जॉन्डिस आणि इक्टेरस (दोन्ही म्हणजे कावीळ), स्क्लेरा (डोळ्याचा पांढरा भाग), सीरम हेपटायटिस आणि नॉन-ए नॉन-बी (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची जुनी नावं) आणि एसजीओटी हे शब्द शोधायचे. नव्या अमेरिकन रिपोर्टात एसजीओटीचं एएसटी झालंय, तेही घ्या. याला दोन तास जास्त लागतात. हल्ली पोरं फाइल एआयला भरवून वीस मिनिटांत समरी काढतात आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघतात. त्या समरीतही ‘उल्लेख नाही’ हेच वाक्य असतं, फक्त इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं.

दुसरी चूक अर्ध्या वाक्याची. माजी सैनिकांच्या खात्यानं, म्हणजे व्हीएनं, जून २००४मध्ये फास्ट लेटर ०४-१३ हे आपल्या कार्यालयांसाठीचं सूचनापत्र काढलं. एअरगनमधून सीचा संसर्ग होणं ‘जैविकदृष्ट्या शक्य’ आहे, असं त्यात म्हटलंय. नवखा माणूस तेवढंच उचलतो. त्याच वाक्यात, असा संसर्ग झाल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, हेही आहे. बहुतेक रुग्णांच्या संसर्गाचं कारण १९९२पूर्वी घेतलेलं रक्त किंवा सुईनं घेतलेली नशा हे असतं, हेही आहे. शिवाय डॉक्टरनं सगळ्या शक्यतांची चर्चा करून आपल्या मताची कारणं द्यायची आहेत. अर्धं वाक्य दिलं की समोरचा उरलेलं अर्धं वाचून दाखवतो.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे अडचणीचं पान गाळणं. एका पोरीनं १९९४ची नर्सची नोंद टिपणात घेतलीच नाही: ‘तरुणपणी काही वेळा कोकेन ओढलं.’ विचारलं तर म्हणाली, “सर, आपण तर त्यांच्या बाजूचे ना?” अगं, बाजूचे आहोत, पण तेच पान व्हीएकडेही आहे! ३१ ऑक्टोबर १९९० नंतर दाखल झालेल्या क्लेममध्ये अमली पदार्थांच्या गैरवापरातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई मिळत नाही, त्यामुळे तिकडचा परीक्षक तेच आधी शोधतो. क्लेममध्ये ‘कधीच नाही’ आणि फाइलीत कोकेन असं निघालं, की एअरगनबद्दल त्या माणसानं खरं सांगितलेलंही कुणी मानत नाही. रक्त चढवणं, टॅटू, एकमेकांचं रेझर वापरणं, जखमींचं रक्त हाताळणारी मेडिकची (सैन्यातल्या वैद्यकीय मदतनीसाची) ड्यूटी, सगळं लिहा. मेडिकची ड्यूटी तर बऱ्याचदा बंदुकीपेक्षा भक्कम मुद्दा ठरते, आणि पोरं ती ‘नोकरी’च्या रकान्यात टाकून विसरतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. १९८५च्या सुमारास कॅलिफोर्नियात वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये जेट इंजेक्टरमुळे साथ पसरली होती, पण ती हेपटायटिस बीची आणि यंत्र मेड-ई-जेट. सीचा पुरावा म्हणून ती देऊ नका. १९४२मध्ये सुमारे ५० हजार अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली ती पीतज्वराच्या लशीत घातलेल्या मानवी सीरममुळे; तिथे दोष बंदुकीचा नव्हता. लसीच्या कार्डावर तारीख आणि लस असते, यंत्र नसतं. तेव्हा ‘एअरगनची नोंद नाही’ यावरून काहीच ठरत नाही. ‘होऊ शकतं’ एवढंच म्हणणारं डॉक्टरचं पत्र कुचकामी, आजार सेवेतून झाल्याची ‘निदान पन्नास टक्के शक्यता’ लागते. आणि नव्या गोळ्यांनी विषाणू गेला असेल तर सिरोसिस, म्हणजे यकृताचं कायमचं नुकसान, उरलाय का ते शोधा, कारण आज काहीतरी आजार असावा लागतो.

शेवटी तारखा. लष्करी कागदावर आधी दिवस येतो, मग महिना. खासगी हॉस्पिटलच्या कागदावर आधी महिना. दोन्ही एकाच फाइलीत. सेंट लुईसच्या अभिलेखागाराला लागलेली आग, जिच्यात सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फाइली जळाल्या, ती १२ जुलै १९७३ची. वकिलाच्या पत्रात ते ०७/१२/१९७३ असं येतं, आणि गेल्या महिन्यात आमच्या एका टिपणात ती आग ७ डिसेंबरला लागली.